नागमणीचं सूप

नागमणीने पेपर उघडला, तसे विडी कारखान्यातल्या बायकांनी कान टवकारले. वाचता येणारी ती एकटीच. वाचताना तिचे हात थांबत, म्हणून प्रत्येकीने आपल्या चार विड्या तिच्या सुपात टाकायच्या, असा तिथला रिवाज होता.

परवा यंत्रमाग कामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आपल्या भावाच्या मांडीत गोळी शिरली, हे तिने काल रडत सांगितलं होतं. "पेपरात आलंय का?" म्हाताऱ्या राजव्वाने विचारलं होतं. मोर्चा शांततेत पांगला, एवढंच पेपरात होतं. "मग झालं तर," राजव्वा म्हणाली होती. "सरकार उगाच कुणाला मारतंय होय?"

आज नागमणी पेपरात नसलेलंच वाचू लागली. गोळीबार, बारा जखमी, रस्त्यावर राहिलेल्या चपला, मांडीत गोळी लागलेला यंत्रमागावरचा कामगार. पानं कापणाऱ्या कात्र्या थांबल्या. राजव्वाने पदर डोळ्यांना लावला. "तुझाच भाऊ गं तो. वाटोळं होईल मेल्यांचं." चार नव्हे, आठ-आठ विड्या सुपात पडल्या.

नागमणीचं डोकं फिरलं. तिने सूप उपडं केलं. "यातलं एक अक्षर छापलेलं नाही. डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं. कालही हेच सांगत होते, तेव्हा एकीलाही खरं वाटलं नाही."

राजव्वाने सांडलेल्या विड्यांतल्या आपल्या आठ वेचून घेतल्या आणि कात्री उचलली.

"मग पेपरातलं वाच की," ती म्हणाली, "खरं काय झालंय ते."