आरशातली गाडी

डोंगरात ताफ्याने गाड्या नेताना आमचा एकच नियम: मागचा आरशात दिसेनासा झाला की थांबायचं.

त्या दिवशी माझ्या मागे वकील नावाचा माझा दोस्त होता, मला तीनदा चिखलातून ओढून काढणारा. नाला आधी पार करायच्या नादात मी आरशात पाहिलंच नाही. पाण्यातून त्याची रिकामी गाडी तेवढी निघाली.

"शेवटपर्यंत आरशात दिसत होता," मी त्याच्या घरी सांगितलं.

"भाऊजी, तुम्ही पाहत होतात, तेवढाच धीर," वहिनी म्हणाल्या.

आज भरदुपारी गॅरेजात गाडीत बसलो. मागे भिंत होती आणि आरशात त्याची चिखलाने माखलेली गाडी. दोरखंड खांद्यावर टाकून तो हसतच उतरला.

"अडकलास ना? थांब, काढतो."

मला मान वर करवेना. इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता. गाडी हळूहळू मागे सरकू लागली.