विंचरलेले केस

"हलू नकोस गं, भांग वाकडा जातोय," म्हणत वासंतीताईंनी इंदूच्या वेणीत देवीपुढची शेवंती खोवली. एका सेवाभावी संस्थेतर्फे मनोरुग्णांना सावरणं हेच ताईंचं काम. वर्षभर केसांना हात लावू न देणारी इंदू आज आरशात बघून हसली.

आजाराचा सरकारी दाखला मिळाला, तरच तिच्या गोळ्या फुकट चालू राहणार होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "ही तर नटूनथटून आलीय! खऱ्या रुग्णांना येऊ द्या, बाई."

"अहो, गोळ्यांमुळेच सावरलीय ती," ताई म्हणेपर्यंत शिपायाने पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर इंदूने वेणी सोडली, शेवंती ताईंच्या ओंजळीत ठेवली.

"ताई, पुढच्या वेळी न विंचरता येते. मग देतील ना?"