खोली मिळाली

पदयात्रेला जायचं ठरलं आणि गाडी, मुक्काम बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू काय, घरीच असतेस," जाऊबाई म्हणाल्या. सणाची गर्दी, जिथे तिथे नन्नाचा पाढा. बाळाला खांद्यावर थोपटत, फोन करकरून मी कशीबशी एक मोठी खोली माझ्या नावावर मिळवली.

खोली पक्की झाली आणि जाऊबाईंनी फर्मान काढलं, "बाळ रात्रभर रडणार. आम्ही झोपायचं कधी नि चालायचं कधी? तू यंदा घरीच राहा, बाई." नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "बरं, मग मी माहेरी जाते," मी म्हणाले आणि जायच्या दिवशी त्यांच्या आधीच बाळाला घेऊन निघाले.

त्या संध्याकाळी लॉजच्या जिन्यात जाऊबाईंचा आवाज चढला होता, "अहो, ती खोली आमची आहे!"

"ज्या बाईंच्या नावावर होती, त्या दुपारीच येऊन राहिल्यात," मॅनेजर म्हणाला. "आणि दुसरी खोली आता गावभर मिळायची नाही."



मी आतून कडी लावली. अगदी हळू, बाळाचा नुकताच डोळा लागला होता.