सव्वीस टोप्या

"चोवीस, पंचवीस, सव्वीस." बसच्या पुढच्या टोकाला उभी राहून इओनाने शेवटची टोपी मोजली. "चल फिट्झरॉय, सोड गाडी."

फिट्झरॉयने लांबलचक हॉर्न दिला आणि बस ग्वाव गावातल्या जायफळाच्या वखारीसमोरून निघाली. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. साडेचारला बंदरावर या पर्यटकांच्या जहाजाची शिडी उचलणार होती. मध्ये पन्नास मिनिटांचा वळणावळणांचा रस्ता. वेळ बेताचाच होता, पण इओनाला माइक हातात घेऊन नाचावेसे वाटत होते. सहा महिने घासून तिने गाइडची परीक्षा दिली होती. छातीवरचा पितळी बिल्ला कालच मिळाला होता आणि आज पहिल्यांदाच अख्खी बस तिच्या एकटीच्या भरवशावर होती. सकाळी बंदरावर मालक मिस्टर कथबर्ट यांनी तिला एवढेच ऐकवले होते, "सव्वीस नेतेस, सव्वीस आण. एक जरी कमी आलं, तर हा बिल्ला माझ्या हातात ठेवायचा."

दिवस झकास गेला होता. धबधब्याखाली माणसे कपड्यांसकट भिजली होती. वखारीबाहेर टांटी ऑगस्टा बसते, सगळ्या गावाची मावशी. तिने विणलेल्या, तिच्या स्वतःच्या डोक्यावर होती तशाच एकसारख्या टोप्या सव्वीसच्या सव्वीस जणांनी घेतल्या. इओनाचे काम सोपे झाले. टोप्या मोजल्या की माणसे मोजली.

सकाळी तिने माइकवरून बेटाची तऱ्हा सांगितली होती. "आमच्याकडे हात केला की गाडी थांबते. भरलेली असली तरी थांबते. आतले ओरडतात, अंग चोरून बसा रे, आणि जागा होते." सगळे हसले होते. मागच्या बाकावरच्या मिसेस ऑल्ड्रिज तेवढ्या हसल्या नाहीत. बाकी सगळे जोडीने नाहीतर घोळक्याने आलेले. सत्तरी उलटलेल्या या बाईच एकट्या.

"भरलेली असली तरी?" त्यांनी विचारले होते.

"तरी."

"आमच्या गावी रिकामी बससुद्धा मला पाहून न पाहिल्यासारखं करते," त्या म्हणाल्या होत्या.

परतीच्या वाटेवर बसमध्ये नुसता दंगा होता. फिट्झरॉय दर वळणाला हॉर्न वाजवी आणि प्रवासी त्यावर टाळ्यांचा ठेका धरीत. चार वाजून दहा मिनिटांनी बस धक्क्याला लागली. समोर पांढरेशुभ्र जहाज उभे होते. इओना दाराशी उभी राहून एकेकाला निरोप देऊ लागली. तेवीस, चोवीस, पंचवीस. सव्विसावी टोपी रिकामी टोपली सावरत हळूहळू उतरली. टोपीखाली टांटी ऑगस्टा होती.

"टांटी? तू इथे कशी?"

"मला काय विचारतेस? लेकीकडे यायचं होतं. हा म्हणाला, मागे जागा आहे, बस."

फिट्झरॉय मान खाजवू लागला. "पाय बघ किती सुजलेत तिचे. रस्त्यावर सोडून येऊ? तू वखारीत माणसं गोळा करत होतीस. सांगायचं राहूनच गेलं."

कोण राहिले हे तिला बसमध्ये न चढताही कळले. तिने वखारीत फोन लावला. कोणी उचलला नाही. वखार साडेतीनला बंद होते. परत जाऊन यायला पावणेदोन तास, आणि शिडी उचलायला उरली होती वीस मिनिटे. एक म्हातारी बाई परक्या गावात एकटी उभी होती. सवयीप्रमाणे तिला वाटले असेल, ही बसही न पाहिल्यासारखे करून गेली. इओनाला रडू फुटायच्या बेतात होते.

कथबर्टसाहेब मनगटावरचे घड्याळ बघत आले. त्यांना फार सांगावे लागले नाही.

"चूक माझी आहे साहेब," फिट्झरॉय म्हणाला. "टांटीला मी बसवलं."

"मोजायचं काम कुणाचं होतं?" कथबर्टनी इओनासमोर हात पसरला. "बिल्ला."

बिल्ल्याची पिन निघेना. इओना खाली मान घालून तिच्याशी झटत होती, तेवढ्यात फाटकाकडून कर्कश हॉर्न ऐकू आला. गावाकडची एक मिनीबस धूळ उडवत थेट धक्क्यावर शिरत होती. पंधरा जणांची गाडी, आत बावीस-तेवीस तरी माणसे असतील. खिडक्यांतून कोपर, केळ्यांचे घड, डोकी बाहेर आलेली. दार सरकले आणि आतून मिसेस ऑल्ड्रिज उतरल्या. टोपी तिरकी झालेली, गाल लालबुंद, कडेवर कुणाचेतरी बाळ. बाळ त्यांनी खिडकीतून त्याच्या आईकडे दिले. आतून सगळ्यांनी त्यांना नावाने हाक मारून निरोप दिला.

इओना धावत गेली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले. "बाई, मी तुम्हाला मागे सोडून आले. माझी चूक झाली."

"सोडलंत कुठे? माझ्या जागेवर या टोपीवाल्या बाई बसलेल्या दिसल्या, पाय चोळत होत्या. त्यांना कसं उठवणार? मी खिडकीबाहेरून तुम्हाला खूण केली, मागच्या गाडीने येते म्हणून. पण तुम्ही टोप्या मोजत होतात."

कथबर्टसाहेबांचा हात अजून तसाच पुढे होता. मिसेस ऑल्ड्रिजनी तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात हलवला.

"तुमची ही गाइड सांगत होती ते अगदी खरं निघालं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "गाडी खच्चून भरली होती. मी नुसता हात केला, आणि ती माझ्यासाठी थांबली."