डावीकडचं बटण

अविराजनं स्वरालीचाच फोन पुढं केला तसे तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"वहिनी, नवं अपडेट टाकलंय. बघा तरी."

"ती न्हाय धरायची," तिचे सासरे दादासो म्हणाले. "सासू गेल्यापास्नं फोनला हात लावत न्हाय."

पळसदेवच्या काठावर तिघंच उभी होती. खाली उजनी धरणाच्या पाण्यात शेताची मोटार होती. स्वरालीची सासू भामाबाई तिथंच वारली. मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकलं होतं. ते काढायला उतरण्याआधी तिनं घरी सुनेला फोन करून सांगितलं, मोटार टायमरवर हाय, टायमर बंद कर. स्वरालीनं मोटारीच्या ॲपमध्ये रोजच्या सवयीनं डावीकडचं बटण दाबलं. पहिल्या पानावर डावीकडं 'बंद' होतं. टायमरच्या पानावर डावीकडं 'आत्ता चालू' होतं. मोटार सुरू झाली आणि पाण्यात करंट उतरला.

सुनेनं सासूला मारलं, असं गाव अजून म्हणत होतं. ॲप अविराजच्या बारामतीच्या कंपनीचं होतं.

"दादासो, ते पान दुसऱ्या टीमनं केलं होतं," अविराज म्हणाला. "आणि बटणावर लिहिलेलं आहे की. वाचून दाबायचं."

"तुमी घरातला दिवा वाचून लावता व्हय?"

अविराज फोनकडं बघत म्हणाला, "पुढच्या अपडेटला सगळी पानं सारखी करतोय. सध्या फक्त रंग बदललेत."

"रंग गेला खड्ड्यात. हिच्याकडं बघून सांगा, चूक तुमची व्हती. तेवढ्यासाठी बोलावलंय तुमाला."

"कंपनीचा माणूस असं कसं बोलणार? चूक वापरणाऱ्याचीच धरतात."

दादासोंनी त्याच्या हातातला फोन घेतला, टायमरचं पान उघडलं आणि सुनेपुढं धरला. "घे, पोरी."

बऱ्याच वेळानं तिनं तो घेतला.

"आता बूट काढा," दादासो अविराजला म्हणाले. "उतरा पाण्यात, धरा जाळी. ही टायमर बंद करंल. लिवलेलं हाय न्हवं?"

"उतरलो तर विषय संपला?"

"संपला. गावात कुणापुढं तोंड उघडणार न्हाय मी."

अविराजनं बूट काढले, पँट दुमडली आणि तो तरातरा खाली गेला. पाणी पावलांना लागलं तसा तो थांबला. मागं वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही नक्की कुठलं बटण दाबणार?"