साखर चारनं उतरली

"साखर चारनं उतरली," बायको दारातूनच म्हणाली. "समोर."

घाऱ्यानं हातातलं मापटं पोत्यात टाकलं आणि बाहेर आला. समोरच्या दुकानाच्या पाटीवर तराजूकाका खडूनं नवा आकडा लिहीत होते. साखरेखाली तेल, तेलाखाली साबण, साबणाखाली पीठ. सगळंच उतरलेलं.

महागाईनं लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेलाचा डबा मागण्याआधी माणूस एकदा आवंढा गिळायचा. अशा दिवसांत ह्या म्हाताऱ्याला भाव उतरवायची दुर्बुद्धी कुठून झाली? घाऱ्या रस्ता ओलांडून गेला.

"काका, ह्या भावात मला घाऊकमध्येसुद्धा माल मिळत नाही. परवडतं कसं?"

"परवडायचंय कुणाला?" काकांनी बोटांचा खडू झटकला. "दुकान वाढवायचंय, पोरा. मुलगा हात धुऊन मागे लागलाय."

"आणि माझं काय?"

"तुझं चांगलंच होईल की," काका हसले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाकडे बघून हसत आलेला माणूस, हसण्याच्या आत काय आहे ते बाहेर कळायचं नाही.

काकांचा मुलगा लांबच्या शहरात मोठ्या पगारावर होता. म्हणजे पैसा त्याचा, आणि सुरी म्हाताऱ्याच्या हातात. घाऱ्या परत आला, पाटी खाली घेतली आणि साखर पाचनं उतरवली.

"अहो, हे काय?" बायको म्हणाली.

"गिऱ्हाईक एकदा तिकडं गेलं की संपलं. बापानं उभं केलेलं दुकान मी घालवायचं?"

दुसऱ्या दिवशी काकांनी सहानं उतरवली. घाऱ्यानं आठनं. मग तेल, मग साबण. चार गल्ल्यांपलीकडून लोक पिशव्या घेऊन यायला लागले. रांगेच्या शेपटाला उभा राहिलेला माणूस पुढे पोचेपर्यंत साखर आणखी दोनदा उतरलेली असायची. मग लोक शहाणे झाले. "आधी तुम्ही घ्या हो," "छे छे, तुम्हीच घ्या," असं म्हणत एकमेकांना पुढे सोडायला लागले. एक बाई सकाळी पहिली आली आणि संध्याकाळी शेवटची गेली, पण साखर अर्ध्या भावात घेऊन गेली.

तिसऱ्या आठवड्यात काकांकडे सुतार आला. फळ्या मोजून गेला.

"बघ, नव्या फळ्या ठोकणार," घाऱ्या म्हणाला.

"जुन्याच रिकाम्या दिसताहेत की," बायको म्हणाली. "मालाचा टेम्पोसुद्धा आलेला दिसला नाही मला."

"मागच्या दारानं आणत असेल. मुरलेला आहे तो. तू मला धंदा शिकवू नकोस."

त्याच दुपारी बायकोचं शिवणयंत्र विकलं गेलं, पिठाची पोती आणायला. यंत्र उचलून देताना तिचा हात चौकटीवर आपटला.

"फुटली का बांगडी?" घाऱ्यानं विचारलं.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. पाय गेले होते, कान अर्धे गेले होते, पण जीभ शाबूत. "फुटली म्हणू नये रे! वाढवली म्हणावं!"

"इथं सगळं वाढतंच चाललंय, आई!" घाऱ्या खेकसला. "महागाई वाढली, समोरचा दुकान वाढवतोय, आता त्यात बांगडीची भर!"

"कोण दुकान वाढवतोय?"

"तराजूकाका! आणखी कोण?"

आई म्हणाली, "अरेरे. बिचारा."

"तो बिचारा? आणि इथं पोटचा पोरगा मरतोय, त्याचं काय?"

"काय म्हणालास?"

"काही नाही. झोप तू."

स्कूटर गेली. मग कानातली गेली. शेवटी घाऱ्याच्या फळ्यांवर मिठाचे सात पुडे आणि एक फुटका तेलाचा डबा उरला. घाऊक व्यापाऱ्यानं माल देणं बंद केलं. मोबाइल विकणारा एक गुळगुळीत माणूस येऊन भिंती बघून गेला. दुकान आणि वरच्या दोन खोल्या, सगळं मिळून हवं म्हणाला.

सोमवारी सकाळी घाऱ्यानं सही केली. पंधरा दिवसांत जागा मोकळी करायची होती. आईला कुठे न्यायचं ते अजून ठरलं नव्हतं. बायकोनं एवढंच विचारलं, "झाली?" आणि ती भांडी बांधायला लागली.

पेन खिशात तसंच ठेवून घाऱ्या रस्ता ओलांडून गेला. भांडायची ताकद नव्हती. हरलेल्या माणसानं एकदा तोंडावर हरलो म्हणावं, म्हणजे रात्री झोप तरी लागते.

काकांचं दार अर्धं उघडं होतं. पाटी पुसलेली होती.

आत एक फळी नव्हती. पोतं नव्हतं, बरणी नव्हती. भिंतीवर फळ्यांचे पांढरे पट्टे तेवढे राहिले होते. मधोमध एका ट्रंकेवर काका बसले होते, आणि त्यांचा मुलगा दोरीनं वळकटी आवळत होता.

"आलास? तुझ्याकडेच निघालो होतो," काका म्हणाले. त्यांनी मांडीवरचं कागदात बांधलेलं गाठोडं पुढे केलं. जड होतं. पितळेचा तराजू.

"हा तुला. डोळ्यांना काटा दिसत नाही आता, मुलाकडे जाऊन राहतो. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, सगळ्यांना सांगून ठेवलंय, उद्यापासून समोर जायचं म्हणून. तू मात्र कमाल केलीस हं, पोरा. माझा उरलेला माल खपता खपेना, इतका भाव पाडलास!"

घाऱ्यानं गाठोडं जमिनीवर ठेवलं. "काका... तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो नाही?" काकांनी चष्मा वर केला. "पहिल्याच दिवशी तर सांगितलं तुला. दुकान वाढवायचंय म्हणून."