मोरीच्या पाण्यावरची वांगी

निर्मलाच्या दारात वांग्यांचे दोन वाफे होते. मोरीच्या पाण्यावरचा घरच्यांसाठी. तिथं औषधाचा थेंबही पडत नसे. रस्त्याकडचा मंचरच्या बाजारासाठी. भोगीच्या सकाळी तानूबाई आली. तिची मेंढरं आठवडाभर निर्मलाच्याच रानात खताला बसली होती. "वैनी, भाजीपुरती चार वांगी द्या." निर्मलाचा हात सवयीनं रस्त्याकडच्या, कालच फवारलेल्या वाफ्यात गेला. दुपारी तानूबाई वाटीभर भाजी घेऊन हजर. "न खाई भोगी, तो सदा रोगी! तुमच्याच वांग्यांची हाये." आरतीनं वाटीत बोटं घातली तोच निर्मलानं लेकीचा हात हिसकून मागं ओढला. तानूबाईचं हसू मावळलं. "तिला खोकला झालाय," निर्मला जमिनीकडं बघत म्हणाली. तानूबाईनं वाटी हळूच ओट्यावर ठेवली. "खाऊ द्या, वैनी. आमची पोरं मघाशीच जेवली. औषधाचा लई वास येत व्हता, म्हणून वांगी तीनदा धुतली मी."